दोन रिमोटचा डेव्ह

नाशिक,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय मित्रा,

आज संध्याकाळी सव्वासातला डेव्ह, आपला लॅबमधला तो ‘डेंजरस डेव्ह’ गेम, आपल्या टीव्ही गेमवर धावला. लॅपटॉपवर टीव्ही गेमची नक्कल करणाऱ्या एम्युलेटर प्रोग्राममध्ये नाही हं. आईनं माळ्यावर पितळी भांड्यांच्या पोत्यामागे ठेवलेल्या त्याच पांढऱ्या-लाल डब्यावर. लगेच फोन करणार होतो, पण फोनवर हे अर्ध्या मिनिटात संपलं असतं आणि मला सगळं बैजवार सांगायचंय.

शाळेची कॉम्प्युटर लॅब आठव. चपला बाहेर, पडदे ओढलेले, एका मशीनवर आपण दोघं. सर पाठमोरे झाले की डेव्ह. तू बाणांवर, मी कंट्रोल आणि अल्टवर. चालणं आणि उड्या तुझ्याकडे, बंदूक आणि जेटपॅक माझ्याकडे. घरी टीव्ही गेमवर मारिओ होता, कॉन्ट्रा होता, पण डेव्ह नव्हता. मेन रोडच्या दुकानात तू विचारलं होतंस, ‘काका, डेव्हची कॅसेट आली का?’ काका म्हणाले, पुढच्या महिन्यात येईल. त्यानंतर तू चार-पाच महिने तरी विचारत होतास.

गंमत बघ. डेव्ह हा जॉन रोमेरोनं १९८८ मध्ये मुळात अ‍ॅपल टू या कॉम्प्युटरसाठी लिहिला. आपण खेळलो तो डॉसवरचा, म्हणजे लॅबमधल्या जुन्या पीसींवरचा, नंतरचा. अ‍ॅपल टूमध्ये ६५०२ नावाचा प्रोसेसर होता. आपला डबा ज्याची नक्कल आहे तो निन्टेन्डोचा फॅमिकॉम १९८३ चा, आणि त्याचा प्रोसेसरही त्याच ६५०२ च्या घराण्यातला. म्हणजे डेव्ह ज्या बोलीत जन्मला ती बोली आपल्या डब्याला पहिल्यापासून येत होती. हे वाचलं त्या रात्री मी ठरवलं, कॅसेट आपणच करायची.

डब्याची मेमरी किती, सांगू? २ केबी. हे पत्र देवनागरीत साठवलं तर एका चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे वरची लॅबची आठवण संपायच्या आतच डबा भरला. चित्रं आणि प्रोग्राम मात्र कॅसेटमध्ये राहतात. सगळ्यात साधी कॅसेट म्हणजे ३२ केबी प्रोग्राम आणि ८ केबी चित्रं. पहिला मारिओ एवढ्यातच बसवलाय. डेव्हची एक लेव्हल १०० चौकोन रुंद, १० चौकोन उंच. दहा लेव्हलचे झाले दहा हजार चौकोन, एकाला एक बाइट धरला तरी जागा उरते. इथवर सगळं सोपं वाटलं होतं.

अडलं ते रुंदीत. डॉसच्या पडद्यावर डेव्हचे २० चौकोन दिसायचे. फॅमिकॉमचा पडदा २५६ ठिपके रुंद, म्हणजे १६ चौकोन. चार चौकोन कुठे घालवायचे? पहिल्यांदा मी सोपी वाट धरली. पडदा हळूहळू सरकवणं हे फॅमिकॉमचं हक्काचं काम, मारिओत होतं तसं. दोन दिवसांत ते झालं. खेळून बघितलं आणि मन खट्टू झालं. तो डेव्ह नव्हताच, डेव्हचे कपडे घातलेला मारिओ होता. डेव्हमध्ये पडदा थांबलेला असतो. आपण कडेला जाऊन उभं राहतो, पलीकडे काय आहे माहीत नसतं, तू माझ्याकडे बघतोस, मी म्हणतो ‘जा’, आणि मग सगळा पडदा एका दमात सरकतो. ती कडच तर खेळ होती. मग मी सरकणारा पडदा काढून टाकला आणि थांबणारा केला. पण १६ चौकोनांत काही उड्या अशा कापल्या जायच्या की डेव्ह हवेत असतानाच पडदा बदलायचा आणि खाली आग. म्हणून प्रत्येक लेव्हलमध्ये कड कुठे पडावी हे हातानं ठरवलं, एकेक करून. सगळ्यात जास्त दिवस यात गेले, आणि माझ्या मते सगळ्या कामात मोलाचं तेवढंच आहे.

रंगांनी मात्र साथ दिली. फॅमिकॉम पार्श्वभूमीचे रंग १६ बाय १६ ठिपक्यांच्या चौकोनाला एकदम ठरवतो, आणि डेव्हचा चौकोनही नेमका तेवढाच.

आता चिप. शंभर गेमच्या कॅसेटी उघडल्या तर आत नुसता काळा डांबरासारखा थेंब निघतो, त्याचा उपयोग नाही. शेवटी पंचवटीतल्या एका जुन्या टीव्ही मेकॅनिककडे सुट्या चिपांची एक कॅसेट मिळाली. तिच्या चिपा उपसून सॉकेट बसवले आणि त्यात ईप्रॉम घातल्या, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या चिपा, त्या पाठीवर काचेची खिडकी असलेल्या. ईप्रॉम पुसायला अतिनील प्रकाश लागतो. मी पाण्याच्या फिल्टरची यूव्ही नळी आणली आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवली. झाकण घट्ट, कारण तो उजेड डोळ्यांना वाईट. एक चूक झाली की चिप उपसा, वीस मिनिटं डब्यात ठेवा, पुन्हा लिहा. घरात सगळ्यांना वाटायचं मी काहीतरी भाजतोय.

लॅपटॉपवर महिनाभर बिनतक्रार चाललेला गेम खऱ्या डब्यावर लावला, तर डेव्ह उभा राहायच्या आत मरायचा. रिसेट दाबला की नीट. पुन्हा बंद-चालू केला की पुन्हा मेला. तीन रात्री मी कॅसेटच्या पिना खोडरबरानं घासत होतो, सोल्डर तपासत होतो. कारण भलतंच निघालं. माझा एम्युलेटर चालू होताना मेमरीत सगळीकडे शून्य ठेवायचा. खऱ्या चिपेत वीज आली की काहीही आकडे पडलेले असतात. डेव्ह जिवंत की मेलेला हे ज्या बाइटमध्ये लिहिलं होतं तिथे सुरुवातीला शून्य टाकायचं मी विसरलो होतो. एकदा मेला की माझाच कोड तो बाइट साफ करायचा, म्हणून रिसेटनंतर ठीक. सुरुवातीला सगळी मेमरी पुसणाऱ्या दहाबारा ओळी घातल्या आणि झालं. शिवाय मी सगळं सेकंदाला ६० चित्रांच्या हिशेबानं बांधलं होतं आणि आपला डबा ५० चा, त्यामुळे उडी रेंगाळायची. तेही नव्यानं मोजलं.

जुने गेम असे दुसऱ्याच मशीनवर उतरवणारे जगात पुष्कळ आहेत. प्रिन्स ऑफ पर्शिया २०११ मध्ये एका हौशी माणसानं कॉमोडोर ६४ या जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर आणला. मूळ सोर्स कोडच्या फ्लॉप्या तेव्हा सापडल्याही नव्हत्या, त्या २०१२ मध्ये तो गेम लिहिणाऱ्या जॉर्डन मेकनरच्या वडिलांना कपाटात मिळाल्या. एकानं तर सात वर्षं खपून कॉमोडोर ६४ वर मारिओ उतरवला, २०१९ मध्ये लोकांना दिला आणि निन्टेन्डोच्या हरकतीमुळे काही दिवसांतच तो काढून घेतला गेला. त्या माणसाचे कष्ट मला दिसतात, तरीही खेळ ज्याचा त्याला हक्क आहे असंच मला वाटतं. डेव्ह माझा नाही. म्हणून मी तो कुठे टाकणार नाही, विकणार तर नाहीच. एकच कॅसेट आहे.

आणि आता जे सांगायला पत्र लिहायला बसलो ते. फॅमिकॉमच्या रिमोटला दोनच मुख्य बटणं, ए आणि बी. उडी, गोळी आणि जेटपॅक त्यात कसे बसवायचे यावर मी आठवडा घालवला. सिलेक्टवर जेटपॅक ठेवला तर अंगठा वेळेवर पोचत नाही. मग लॅब आठवली. मी चालणं आणि उडी पहिल्या रिमोटवर ठेवली, बंदूक आणि जेटपॅक दुसऱ्यावर. हा डेव्ह एकट्यानं खेळता येत नाही.

आज पहिला रिमोट माझ्या मुलीनं धरला. ती कडेला थांबतच नाही, सरळ पुढे जाते, त्यामुळे माझी गोळी दर वेळी उशिरा सुटते. आम्ही तिसऱ्या लेव्हलपर्यंत पोचलो.

दिवाळीला येतोयस ना? पहिल्या रिमोटचा डावा बाण थोडा रुततो, तो तुझ्यामुळेच झालाय, तुला सवय असेल. अडॅप्टर फार तापतो, तुझ्याकडे ९ व्होल्टचा जुना पडला असेल तर घेऊन ये. आई विचारतेय, चिवडा पातळ पोह्यांचा करायचा की भाजक्या?

तुझा,
दोन नंबरचा रिमोट