शंभर मीटर सोडण्याआधी

प्रिय सोनू,

काल फोनवर तू म्हणालीस, ‘आई, एकोणिसाव्या वर्षीच माझं वय झालंय, सोळा-सोळा वर्षांच्या मुली मागे टाकतायत. शंभर मीटर पोहणं सोडते, फक्त पन्नास करते.’ फोनवर वाद घातला की तू चिडतेस, म्हणून लिहितेय. नववी आलीस, फायनल सेकंदाच्या चार शतांशांनी हुकली, मन खट्टू होणारच. पण तेवढ्यावरून पुढच्या दहा वर्षांचा निकाल लावायला निघालीस, ते काही मला पटलं नाही.

आधी त्या चार शतांशांचं बघू. तुझ्या वेगाने ते होतात जेमतेम सात सेंटिमीटर, म्हणजे बोटभर अंतर. मी रेकॉर्डिंग पाहिलं. भिंतीच्या पाच मीटर अलीकडच्या झेंड्यांपर्यंत तू शेजारणीच्या बरोबरीने होतीस. मग भिंत बघायला डोकं उचललंस, कंबर खाली गेली, शेवटचा हात अर्धवट पडला आणि नुसती तरंगत भिंतीवरच्या, वेळ नोंदवणाऱ्या पॅडला लागलीस. यात वयाचा काय संबंध?

शतांशाच्या खाली घड्याळ जात नाही, त्यामागे 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकची 400 मीटर मेडले, म्हणजे चारही प्रकारांनी पोहायची शर्यत आहे. तिथे गुन्नार लार्सनला टिम मॅकीपेक्षा दोन सहस्रांशांनी पुढे ठरवून सुवर्ण दिलं. तेवढ्या वेळात पोहणारा तीन-चार मिलिमीटर जातो, आणि तलावाच्या सगळ्या लेन इतक्या काटेकोर सारख्या बांधताच येत नाहीत. म्हणून पुढे शतांशावरच थांबायचं ठरलं. त्यामुळेच 2000 साली सिडनीत 50 मीटर फ्रीस्टाइलला अँथनी अर्विन आणि गॅरी हॉल ज्युनियर दोघांचीही वेळ 21.98 लागली आणि सुवर्ण दोघांनाही मिळालं.

अर्विन तेव्हा तुझ्याच वयाचा, एकोणीस. दोन-तीन वर्षांत तो पोहण्याला इतका कंटाळला की सोडूनच दिलं. त्सुनामीग्रस्तांसाठी ते पदकही विकलं. मग लहान मुलांना पोहायला शिकवलं, पुन्हा सरावाला उतरला, आणि 2016 ला रिओत पस्तिसाव्या वर्षी तीच शर्यत 21.40 मध्ये जिंकली. फ्रान्सचा फ्लोरां मानोदू एका शतांशाने मागे! लोक त्याचं पुनरागमन रंगवून सांगतात. मला त्याची मधली वर्षं जास्त मोलाची वाटतात. त्या काळात तो कुणाच्याच यादीत नव्हता.

तुझी लाडकी स्वीडनची सारा शोस्ट्रोम बघ. 2008 मध्ये चौदाव्या वर्षी युरोपियन विजेती. 2021 च्या फेब्रुवारीत बर्फावर घसरून कोपर मोडलं, तरी त्याच उन्हाळ्यात टोकियोत 50 मीटरचं रौप्य. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकला 100 मीटर पोहायचा तिचा विचारच नव्हता. मग उतरली, आणि तिसाव्या वर्षी 100 आणि 50 दोन्ही जिंकली. शंभर सोडायच्या तुझ्या घाईला माझं एवढंच उत्तर आहे.

टिकून राहिलीस की पदक मिळेलच, असं मात्र मी म्हणणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या केट कॅम्पबेलने जुलै 2016 मध्ये 100 मीटर फ्रीस्टाइलचा 52.06 सेकंदांचा विश्वविक्रम केला आणि पुढच्याच महिन्यात रिओच्या फायनलमध्ये सहावी आली. पाच वर्षांनी टोकियोत त्याच शर्यतीत कांस्य मिळालं. 2024 ला ऑस्ट्रेलियाच्या संघातही जागा मिळाली नाही. स्प्रिंटमध्ये हे असंच असतं. वर्षभर राबायचं, आणि हिशोब मिनिटभराच्या आत चुकता होतो. हे जमत नसेल तर खुशाल सोड, मी एका शब्दाने विचारणार नाही. पण ते नीट विचार करून, हरल्याच्या रात्री नाही.

तूर्त सरांना सांगून शेवटच्या पाच मीटरचा वेगळा सराव मागून घे, डोकं खाली ठेवून. शंभरचं सीझन संपल्यावर बोलू. आणि उजवा खांदा दुखतोय हे फिजिओला आजच सांग. ‘काही नाही गं’ म्हणतेस तेव्हा तुझ्या आवाजावरून कळतं मला.

तुझी,
आई