प्लेटमधलं वर्तुळ म्हणजे औषध नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जंगलातल्या भूछत्रात सापडलं नवं अँटिबायोटिक, आता सुपरबगचं, म्हणजे औषधांना न जुमानणाऱ्या बॅक्टेरियाचं, काही खरं नाही, अशा धाटणीच्या बातम्या अधूनमधून येत असतात आणि आपल्या पेपरातही येतात. मी मायक्रोबायोलॉजी शिकवते, बुरशीवर कामही करते (भूछत्र हीही बुरशीच), त्यामुळे अशी बातमी दिसली की आधी खरंच आनंद होतो, कारण या विषयाला पेपरात जागा मिळणं हीच मोठी गोष्ट आहे. पण बातमी जिथे संपते ना, खरं काम तिथून पुढे सुरू होतं आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, म्हणून हे पत्र.

या बातम्यांसोबतच्या फोटोत बहुतेक वेळा एक काचेची बशी असते, म्हणजे आमची पेट्री प्लेट. तिच्यात जेलीसारख्या अगारवर बॅक्टेरिया पातळ थरात पसरवलेले असतात, मधे बुरशीचा अर्क लावलेली कागदाची छोटीशी चकती ठेवलेली असते आणि रात्रभर उबेत ठेवल्यावर सगळीकडे दुधट थर येतो, फक्त चकतीभोवती एक स्वच्छ वर्तुळ उरतं. त्या वर्तुळात बॅक्टेरिया वाढलेले नसतात. आम्ही पट्टी लावून ते मिलिमीटरमधे मोजतो आणि ते पाहून आजही मला तितकाच आनंद होतो. पण हेही सांगायला पाहिजे की त्या चकतीवर फिनाईलचा थेंब टाकला तरी असंच वर्तुळ येतं, आणि फिनाईल काही कोणाच्या शिरेत सोडता येत नाही. वर्तुळ एवढंच सांगतं की इथे काहीतरी मारक आहे. ते काय आहे, नवं आहे की जुनंच, माणसाच्या पेशींनाही मारतं का, पोटात गेल्यावर टिकतं का, यातलं काहीही ते सांगत नाही.

मुळात बुरशीकडे ही शस्त्रं असतात कशाला? बुरशीला पोट नाही. ती आपले पाचक रस बाहेर सोडते, सडलेलं लाकूड किंवा पाचोळा बाहेरच्या बाहेर विरघळवते आणि मग शोषून घेते, म्हणजे तिचं अन्न शिजतं ते उघड्यावर, आणि आजूबाजूचे बॅक्टेरिया, दुसऱ्या बुरशी सगळे टपलेलेच असतात. मग ते राखायला रसायनं लागतात. करोडो वर्षं ही लढाई चालू आहे, त्यामुळे बुरशीकडे औषधं शोधणं हा काही नुसता अंदाजपंचे कारभार नाही. पेनिसिलिन (1928, फ्लेमिंग) सगळ्यांना माहीत आहे. पण ज्यूझेप्पे ब्रोत्झू या इटालियन डॉक्टरांना 1945 मधे सार्डिनियात सांडपाण्याच्या नळाजवळ समुद्रात जी बुरशी मिळाली, तिच्यातून पुढे सेफॅलोस्पोरिन हा अँटिबायोटिक्सचा अख्खा गट उभा राहिला, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं, आणि गोळी मात्र आपण सगळ्यांनी कधी ना कधी खाल्लेली असते. नायट्याची ग्रिसिओफुल्विन बुरशीची, जखमेवर लावायचं फ्युसिडिक अ‍ॅसिडही बुरशीचंच. कॅस्पोफंजिन तर बुरशीच्या गंभीर इन्फेक्शनवर चालणारं औषध आणि तेही एका बुरशीतूनच निघालेलं! ते बुरशीच्या पेशीभिंतीवर वार करतं आणि आपल्या पेशींना तशी भिंतच नसते, म्हणून आपण वाचतो.

पण या यादीत बहुतेक सगळ्या साध्या बुरशी आहेत, माती-पाण्यात पटापट वाढणाऱ्या. जंगलात छत्री उगवणारी भूछत्रं, झाडाच्या खोडाला फळीसारखी चिकटलेली कडक बुरशी, यांच्यातून माणसाच्या वापरात आलेलं अँटिबायोटिक शोधायला गेलं तर जवळजवळ एकच घराणं हाताला लागतं, प्ल्युरोम्युटिलिनचं. आणि त्याची कहाणी वाचकांपर्यंत पोचायलाच हवी असं मला फार वाटतं.

1951 मधे न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमधल्या संशोधकांनी भूछत्रांमधून हे संयुग वेगळं काढलं. बॅक्टेरिया जिथे प्रोटीन बनवतात त्या रायबोसोमच्या अगदी मर्मावर ते जाऊन बसतं आणि काम ठप्प होतं. आता वाटेल की मग लगेच औषध आलं असेल. तर नाही. त्या काळात दुसरी अँटिबायोटिक्स भराभर येत होती, याची कोणाला घाई नव्हती. 1979 मधे त्याच्यापासून बनवलेलं टायाम्युलिन आलं, पण डुकरं-कोंबड्यांसाठी. माणसासाठी 2007 मधे रेटापाम्युलिन आलं ते मलम म्हणून, फक्त कातडीवर लावायला. पोटात घ्यायला आणि सलाईनमधून द्यायला लेफाम्युलिनला अमेरिकेत मान्यता मिळाली 2019 मधे, न्यूमोनियासाठी. म्हणजे प्लेटपासून पेशंटपर्यंत जवळपास 70 वर्षं! आणि एवढं करून ते आणणारी नाब्रिवा ही कंपनी 2023 मधे गाशा गुंडाळायला लागली, कारण औषध खपेना. नवं अँटिबायोटिक डॉक्टर राखून ठेवतात, आणि ते बरोबरच आहे, उगाच सगळ्यांना देत सुटलं तर बॅक्टेरिया त्यालाही सरावतील. पण राखून ठेवलेलं औषध विकलं जात नाही आणि न विकलेल्या औषधावर कंपनी चालत नाही. या पेचावर उपाय म्हणजे औषध कितीही कमी खपलं तरी सरकारने ते उपलब्ध ठेवण्यासाठी कंपनीला ठराविक पैसे द्यायचे, ब्रिटनने असा प्रयोग केलाय, आणि माझ्या मते सगळीकडे तेच करावं लागणार आहे. याच्यावर अग्रलेख यायला पाहिजे. सुपरबगची भीती घालणाऱ्या दहा बातम्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

भीती खोटी आहे असं मात्र अजिबात नाही हं. 2019 या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या बॅक्टेरियामुळे थेट 12 लाख 70 हजार माणसं गेली असा अंदाज लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 2022 साली आला होता. म्हणून तर शोध चालू राहिला पाहिजे.

तो शोध कसा असतो तेही थोडं सांगते. भूछत्र ताजं असताना मधे फाडायचं, बाहेरच्या सालीला हात लावायचा नाही, ब्लेड ज्योतीवर धरून निर्जंतुक करायचं आणि आतला तांदळाएवढा पांढरा तुकडा उचलून अगारवर ठेवायचा. मग वाट बघायची. आपल्याला हवी ती बुरशी आठवडा-आठवडा हलत नाही आणि कुठून तरी एखादी हिरवी बुरशी शिरते नि दोन दिवसांत अख्खी प्लेट खाऊन टाकते, की पुन्हा पहिल्यापासून. नीट वाढली तरी लॅबमधल्या आयत्या गोडधोड अन्नावर ती ते रसायन बनवेलच असं नाही, कारण तिथे लढायला कोणी नसतं. ते रसायन बनवणारी जीन्स गप्प बसून असतात. म्हणून मुद्दाम शेजारी दुसरी बुरशी किंवा बॅक्टेरिया वाढवून तिला डिवचावं लागतं. अर्कात मारक काही मिळालं तर त्यातली डझनावारी संयुगं वेगवेगळी करायची आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर वजन बघायचं, की बहुतेक वेळा कळतं हे तर कोणीतरी कधीच शोधून ठेवलंय. निराशा होते, पण जुनं संयुगही कधीकधी नव्या कामाला येतं. अ‍ॅस्परजिलोमॅरास्मिन नावाचं एक संयुग झाडं सुकवणारं विष म्हणून कित्येक वर्षं माहीत होतं, 2014 मधे कॅनडातल्या संशोधकांना मातीतल्या बुरशीत ते परत सापडलं आणि लक्षात आलं की एनडीएम-1 या एन्झाइममधलं झिंक ते काढून घेतं, म्हणजे ज्या एन्झाइमच्या जोरावर बॅक्टेरिया आपली भारीतली औषधं फोडून टाकतात तेच लुळं पडतं. उंदरांवर काम झालं. औषध अजून आलेलं नाही.

आणि आणखी एक कमतरता आहे जी पैशाने लगेच भरून येत नाही, ती म्हणजे बुरशी ओळखणारी माणसं. जगात बुरशीच्या अंदाजे 25 लाख जाती असाव्यात आणि त्यातल्या दीड लाखाच्या आसपासच नोंदल्या गेल्यात असं लंडनमधल्या क्यू गार्डन्स या वनस्पती-बुरशी संशोधन संस्थेचा 2023 चा अहवाल म्हणतो. ओळखच चुकली तर पुढचं सगळं वाया, तीच बुरशी पुन्हा कोणाला शोधता येणार नाही. डीएनए वाचून मदत होते, पण तो जुळवायला आधी कोणीतरी नीट ओळखून ठेवलेला नमुना लागतो. विद्यार्थी मशीनवर काम करायला तयार असतात, जंगलात वाकून भूछत्राच्या पात्या आणि बीजाणूंचा रंग बघायला फारसं कोणी तयार नसतं, आणि त्यांना तरी का दोष द्यायचा, त्या कामाला नोकरीच नाही.

तेव्हा विनंती एवढीच आहे की पुढची अशी बातमी छापताना संशोधकांना विचारा, हे प्लेटवर झालंय की प्राण्यांवर, माणसाच्या पेशींवर तपासलं का, बुरशी नक्की ओळखली का आणि नमुना कुठे जपून ठेवलाय. उत्तर "अजून फक्त प्लेटवर" असेल तर तसंच छापा, त्यात कमीपणा काहीच नाही, पेनिसिलिनही तिथूनच सुरू झालं होतं.

आणि कृपा करून "जंगली भूछत्राचा काढा" असले शब्द हेडिंगमधे नकोत. लोक खरंच आणून उकळतात. डेथ कॅप नावाच्या भूछत्रातलं विष शिजवूनही जात नाही, खाल्ल्यावर कित्येक तास काहीच जाणवत नाही, मग उलट्या-जुलाब होतात, त्यानंतर एक-दोन दिवस बरं वाटल्यासारखं होतं आणि तेवढ्यात आत लिव्हर निकामी होत असतं. म्हणून रानातलं भूछत्र आणून खाऊ नका ही ओळ अशा बातमीत पहिल्या दोन परिच्छेदांत आली पाहिजे, शेवटी नको, शेवटपर्यंत सगळे वाचत नाहीत.

आपली,
एक नियमित वाचक