तक्रार: दिवा हिरवा, नेट बंद आणि तुमचं एकच उत्तर, "लाईन ओके आहे"

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

नमस्कार,

आधीच सांगते, ही तक्रार जरा विचित्र आहे, कारण नेट बंद पडण्याचं कारण शेवटी माझ्याच घरात सापडलं. तरी तक्रार तुमच्याविरुद्धच आहे. का ते कळायला सगळं वाचावं लागेल, तेव्हा पूर्ण वाचल्याशिवाय तिकीट बंद करू नका ही विनंती, कारण याआधीची 3 तिकिटं तुम्ही मला एका शब्दाने न विचारता "समस्या सोडवली आहे" असा मेल टाकून बंद केलीत आणि त्यातला एक मेल आला तेव्हा घरचं नेट बंदच होतं, मी तो मोबाईल डेटावर वाचला.

साधारण 3 आठवड्यांपूर्वी सुरू झालं. माझं काम घरूनच चालतं, दिवसभर मीटिंगा. सकाळी नेट छान असायचं, मग कधीतरी अचानक पेज उघडेनासं व्हायचं, "सर्व्हर सापडत नाही" असं यायचं, राऊटरवर मात्र सगळे दिवे हिरवेगार. बंद करून चालू केला की चकाचक, अर्ध्यापाऊण तासाने परत तेच. तुमच्या कस्टमर केअरला फोन केला की पहिलं वाक्य ठरलेलं, "मॅडम, राऊटर एकदा रिस्टार्ट करा". मी करायचे, नेट यायचं, समोरचा म्हणायचा "झालं ना चालू?" आणि फोन ठेवायचा. असं किती वेळा झालं ते मी मोजायचं सोडून दिलं.

एक गोष्ट मी दुसऱ्याच फोनवर सांगितली होती आणि तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये ती असेलच. नेट "जातं" तेव्हा आधीपासून चालू असलेला व्हिडिओ कॉल बहुतेक वेळा चालूच राहतो, समोरचे मला दिसतात, ऐकू येतात, पण त्याच वेळी त्याच लॅपटॉपवर नवीन पेज उघडत नाही. म्हणजे लाईन तुटलेलीच नाहीये, जुनी कनेक्शनं जिवंत आहेत आणि नवीन होत नाहीयेत. मला तेव्हा याचा अर्थ कळला नव्हता, पण ज्याचं हे रोजचं काम आहे त्याच्या डोक्यात तरी घंटा वाजायला हवी होती. मला उत्तर मिळालं, "मॅडम, तुमची स्पीड कमी पडतेय, मोठा प्लॅन घ्या."

मग इंजिनिअर आला, वायर बदलली, गेला. पुन्हा बंद. दुसऱ्यांदा वेगळा मुलगा आला, बोलायला चांगला होता, त्याने त्याच्या पासवर्डने राऊटरचं पेज उघडलं (मला तो पासवर्ड तुम्ही देत नाही, त्यावर खाली बोलते) आणि त्यात एका ओळीत दिसलं, ॲक्टिव्ह सेशन्स 2048, त्याच्यासमोर मॅक्सिमम 2048. मी विचारलं हे काय आहे, तर म्हणाला "ते असंच असतं". पेज बंद केलं, राऊटर रिस्टार्ट केला, माझी सही घेतली. व्हिजिट चार्ज बिलात लागून आला.

तो आकडा माझ्या डोक्यातून जाईना. घरात एवढी कनेक्शनं उघडतंय कोण? 2 फोन, 2 लॅपटॉप, 1 टीव्ही. एकेक वस्तू वायफायवरून काढायची आणि माझ्या लॅपटॉपवर पिंग (नेटवरून उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजणारी कमांड, आकडा कमी तेवढं चांगलं) लावून बघत बसायचं असं ठरवलं. काळ्या विंडोत एकेक ओळ येते, 180, 240, 900, 1500, मध्येच "रिक्वेस्ट टाइम्ड आउट", मग पुन्हा 300. टीव्ही काढला, काही फरक नाही. फोन काढले, काही फरक नाही. मुलाचा लॅपटॉप काढला आणि बघताबघता 22, 21, 23, 22. मी मुलाला हाक मारली.

तो म्हणाला, "आई, मी काहीच चालवत नाहीये." आणि तो खोटं बोलत नव्हता. त्याने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची फाईल टोरंटवरून, म्हणजे लोक एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून फाईल वाटून घेतात त्या पद्धतीने, उतरवली होती (हो, कायदेशीर फाईल, लिनक्सवाले स्वतःच टोरंटची लिंक देतात, लगेच मला नोटीस पाठवू नका). डाऊनलोड कधीच संपलं होतं आणि विंडोही त्याने फुलीवर क्लिक करून बंद केली होती. पण हे सॉफ्टवेअर फुली मारून बंद होत नाही, घड्याळाशेजारी जो छोटा बाण असतो त्याच्या आत जाऊन बसतं, आणि लॅपटॉप सुरू झाला की आपोआप सुरू होतं. आत बघितलं तर ती फाईल अजून इतरांना वाटणं चालू होतं, अपलोडला मर्यादा शून्य, म्हणजे अमर्याद, आणि एकूण कनेक्शनं 500 पर्यंत. शिवाय नवीन लोक शोधायला ते सतत अनोळखी पत्त्यांवर छोटी छोटी पॅकेट पाठवत असतं आणि त्यातल्या प्रत्येकाची नोंद राऊटरला ठेवावी लागते.

आता इथे दोन वेगळे घोळ होते आणि ते मला वेगळे करायला अख्खा शनिवार गेला. आधी मी फक्त अपलोडला लगाम घातला, टेस्टमध्ये जेवढा अपलोड स्पीड येतो त्याच्या निम्म्याहून कमी. लगेच पिंग सुधारलं, कारण अपलोडचा रस्ता तुंबला की डाऊनलोडच्या पोचपावत्याही त्याच रांगेत अडकतात आणि सगळंच मंद होतं. मला वाटलं जिंकले. दीड तासाने पेज उघडेना, पिंग मात्र मस्त 22! म्हणजे तुंबलेला रस्ता हे एक आणि राऊटरची कनेक्शनच्या नोंदींनी भरलेली वही हे दुसरं. मग कनेक्शनं 500 वरून 60 वर आणली, नवीन लोक शोधायचं ते डीएचटी नावाचं बटण बंद केलं, राऊटर शेवटचा रिस्टार्ट केला. त्याला आज 6 दिवस झाले, एकदाही बंद नाही.

रिस्टार्टने तात्पुरतं का चालायचं तेही तेव्हा कळलं. राऊटर प्रत्येक कनेक्शनची नोंद एका तक्त्यात ठेवतो, तक्ता भरला की नवीन नोंद घेत नाही, जुन्या चालू असतात त्या चालतात. नुसतं सॉफ्टवेअर बंद करूनही लगेच फरक पडत नाही, कारण नोटीस न देता गेलेल्या कनेक्शनच्या नोंदी मुदत संपेपर्यंत जागा अडवून बसतात. लिनक्सवर चालणाऱ्या राऊटरमध्ये, वेबपेज उघडायला लागतात तशा (टीसीपी) कनेक्शनसाठी ही मुदत मुळात 5 दिवसांची असते, राऊटर बनवणारा ती कमी करतो किंवा करत नाही. तुम्ही दिलेल्या राऊटरमध्ये किती आहे? मला बघताच येत नाही. रिस्टार्ट केला की वही कोरी, आणि तुमच्या माणसाला वाटतं प्रॉब्लेम सुटला.

चूक आमची होतीच, सॉफ्टवेअर आमच्या लॅपटॉपवर होतं, मी नाकारत नाही. पण 3 आठवड्यांत तुमच्याकडच्या एकाही माणसाने "घरात कुणाच्या मशीनवर टोरंट वगैरे चालू आहे का, घड्याळाशेजारी बघा" एवढं विचारलं नाही. हा प्रश्न विचारायला 10 सेकंद लागतात. आणि ज्याने 2048 पैकी 2048 स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तो "असंच असतं" म्हणून गेला, याचा मला जास्त राग आहे. बिचाऱ्या मुलाला दोष देत नाही, त्याला कुणी शिकवलंच नसणार, पण चार्ज मी भरला ना?

तेव्हा माझं म्हणणं असं आहे. दुसऱ्या व्हिजिटचा चार्ज पुढच्या बिलातून वजा करा, पहिल्याचा राहू द्या, वायर खरंच जुनी होती. राऊटरच्या पेजचा पासवर्ड मला द्या, निदान सेशन्सचा आकडा आणि लॉग बघता येईल एवढा तरी, माझ्याच घरातली वस्तू आहे. 2048 ची मर्यादा फर्मवेअर (राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलून वाढत असेल तर वाढवा, नसेल तर दुसरा राऊटर द्या किंवा मी माझा आणते, तुमचं यंत्र नुसतं ब्रिज मोडवर टाकून द्या, म्हणजे ते फक्त लाईन पुढे देईल आणि राऊटरचं काम माझा राऊटर करेल. हे तिसरं मी फोनवर विचारलं होतं तर "सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाही" असं सांगितलं, तो ऑप्शन ज्याच्या सिस्टीममध्ये असेल त्याच्याकडे ही तक्रार पाठवा.

आणि हो, मोठा प्लॅन घ्या असा फोन परवा पुन्हा आला होता. तो थांबवा.

या मेलला उत्तर म्हणून आपोआप येणारा मेल धरला जाणार नाही. माणसाने लिहिलेलं उत्तर 7 दिवसांत हवंय, ग्राहक क्रमांक रजिस्टर्ड मेलवरून तुम्हाला दिसतोच आहे.

तुमची एक ग्राहक

ता.क. बंद केलेली 3 तिकिटं रेकॉर्डवर "लाईन दोष, दुरुस्त" अशी लागली आहेत. लाईनमध्ये दोष नव्हता, ते दुरुस्त करा.