फुकटच्या नंबराचे साडेतीन हजार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लेखन, ध्वनिमुद्रण आणि स्वयंप्रकाशन कार्यशाळेची बातमी कालच्या अंकात वाचली. फोटो झकास आला आहे. व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावे डावीकडून उजवीकडे बिनचूक, शाल कोणाच्या हस्ते आणि नारळ कोणाच्या हस्ते हेही आले. वही घेऊन समोर बसलेल्यांपैकी एकाचेही नाव नाही. ते असो, त्याची सवय आहे. मला बोलायचे आहे ते बातमीच्या मधोमध ठळक टायपात टाकलेल्या चौकटीबद्दल : 'आयएसबीएन नसलेले पुस्तक म्हणजे विनानंबरची गाडी!' (आयएसबीएन म्हणजे प्रत्येक पुस्तकाला ओळखीसाठी मिळणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक.)

हे वाक्य म्हटले गेले तेव्हा मी सभागृहात होतो. टाळ्या पडल्या. आपल्या वार्ताहरांनीही वाजवल्या असाव्यात, कारण वाक्य नेमके उतरवून घेतले आहे. ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर होते, हे मात्र उतरवायचे राहून गेले.

शेवटच्या दिवशी सगळ्यांच्या हातात एक गुळगुळीत रंगीत कागद देण्यात आला. कार्यशाळा मोफत होती, कागद मोफत नव्हता. 'पॅकेज' : अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, ५०० प्रती, आणि खाली वेगळ्या ओळीत 'आयएसबीएन व बारकोड – ३,५०० रु.' माझ्या शेजारी शहराच्या पूर्व भागातून आलेल्या एक बाई होत्या. विड्या वळतात. घरात तेलुगू, कविता मराठीत, आणि कविता चांगल्या आहेत, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांनी मान्य केले होते. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवून विचारले, ''सर, ते नंबर नाही घेतलं तर पुस्तक छापता येत नाही का?'' हजार विड्या वळल्यावर हातात काय पडते हे ज्याला माहीत आहे, त्याला हा प्रश्न कुठून आला ते कळेल. त्यावर ते विनानंबरच्या गाडीचे उत्तर. आणि टाळ्या.

मी उभा राहून म्हणालो, अहो, हा क्रमांक सरकार फुकट देते. ''काका, प्रोसेसिंग चार्ज असतो,'' असे म्हणून माइक पुढच्या रांगेत गेला.

माझा जन्म छापखान्यात गेला. आधी शिशाचे खिळे जुळवले, मग संगणकावर श्रीलिपीत अक्षरजुळणी, शेवटी मुद्रितशोधन. त्यामुळे 'काका'ला निदान एवढे ठाऊक आहे की, भारतात हा क्रमांक शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था देते, अर्ज ऑनलाइन करता येतो, शुल्क शून्य. स्वतःचे पुस्तक स्वतः काढणाऱ्या लेखकालाही तो स्वतःच्या नावावर मिळतो. बारकोड कोणताही डीटीपीवाला चहा थंड व्हायच्या आत काढून देतो. आणि मुळात हा क्रमांक घेतलाच पाहिजे असा कायदा नाही. दुकानांना, ग्रंथालयांना, ऑनलाइन विक्रीला तो सोयीचा पडतो, म्हणून जरूर घ्यावा. पण आंतरराष्ट्रीय मानक म्हणून तो आला १९७० मध्ये. हिराचंद नेमचंद वाचनालयातली त्याआधीची पुस्तके काय आरटीओने जप्त करायची?

आता खरी मेख. तो क्रमांक पॅकेजवाल्यांनी आपल्या खात्यातून दिला, तर नोंदीत प्रकाशक म्हणून तेच लागतात. पैसे बाईंचे, कविता बाईंच्या, प्रकाशक ते. मग तीन दिवस शिकवले ते स्वयंप्रकाशन कोणाचे?

जे कायद्याने करावेच लागते, त्याचा उच्चारही झाला नाही. १९५४ च्या कायद्याप्रमाणे पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत प्रकाशकाने स्वखर्चाने एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या नेमून दिलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. यात कमाई नसल्याने ते पॅकेजमध्ये बसत नसावे. फॉर्मचे, म्हणजे एका कागदावर एकत्र छापून घडी घालायच्या पानांचे, गणितही कोणी सांगितले नाही. बाईंचे पुस्तक ८४ पानांचे होते म्हणे. १६ पानी पाच फॉर्म म्हणजे ८०. उरलेल्या चार पानांसाठी वेगळा कागद, वेगळी छपाई आणि बाइंडरची बोलणी. दोन-तीन कविता मागेपुढे केल्या की खर्च वाचतो. हे विचारले तर ''ते प्रिंटर बघेल.'' प्रिंटर बघतो, बिलही तोच करतो.

सगळेच वाईट होते असे नाही. ध्वनिमुद्रण शिकवायला आलेला मुलगा फार गुणी. सोलापुरी चादरी खिडक्या-भिंतींवर टांगून त्याने खोलीतला घुमारा घालवला, पंखा बंद करायला लावला, मोबाइल तोंडापासून वीतभर लांब आणि जरा तिरका धरायला सांगितला, म्हणजे प, फ, भ फुटत नाहीत. बाईंनी एक कविता वाचली ती ऐकून आमच्या अंगावर काटा आला. दुसरी निम्म्यावर आली आणि रस्त्यावरून मिरवणूक निघाली. डीजेपुढे चादरी काय करणार? काचा थरथरत होत्या. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, हे आपल्याच दैनिकाने कितीदा छापले असेल. त्या मुलाने मीटर दाखवले, काटा तांबड्यातून खाली यायलाच तयार नव्हता. ध्वनिमुद्रण तिथेच सोडावे लागले, कारण बाईंना परत जायचे होते. घरी पाण्याचा दिवस होता. चार-पाच दिवसांनी येणारे पाणी कवितेसाठी थांबत नाही. या दोन्ही विषयांवर स्वतंत्र पत्र लिहीन, आपण छापणार असाल तर.

सध्या एवढीच विनंती की, आयएसबीएन मोफत मिळतो आणि तो सक्तीचा नाही, हे छापावे. चौकटीत छापलेल्या गोष्टीची दुरुस्ती चौकटीतच यावी, आतल्या पानावर श्रद्धांजलीच्या जाहिरातींखाली नको. ती बातमी वाचून आणखी किती जण साडेतीन हजार काढून ठेवत असतील, कोण जाणे.

कळावे,
आपला,
एक निवृत्त कंपोझिटर, साखर पेठ, सोलापूर

ता. क. : पत्र लिहून झाल्यावर अंक पुन्हा चाळला. तिसऱ्या पानावर त्याच पॅकेजची पाव पान जाहिरात आहे. तरीही पत्र पाठवत आहे.