रिम मागवण्याआधी एकदा स्प्रिंग काढ

प्रिय निखिल,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला रिमचा फोटो पाहिला. रंग सुरेख आहे, कड खोल आहे, आरे बारीक आहेत. चाक देखणं आहे यात वादच नाही. तरीही काल रात्री मी तुला फक्त ‘थांब’ एवढंच कळवलं, कारण पुढचं सगळं फोनवर नीट सांगता आलं नसतं. म्हणून हे पत्र. लांबेल, पण पैसे भरण्याआधी पूर्ण वाच.

१५ बाय ९, म्हणजे व्यास १५ इंच, रुंदी ९ इंच, आणि ऑफसेट शून्य, म्हणजे हबला (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) टेकणारी रिमची पाठ थेट रिमच्या मध्यावर. हा आकडा वाचला आणि माझ्या पोटात गोळा आला. माझ्या पहिल्या माझ्दा एमएक्स-५ ला, म्हणजे तुझ्याच मॉडेलच्या गाडीला, मी १५ बाय ८ घातली होती, ऑफसेट शून्यच, वर २०५/५० टायर (रुंदी २०५ मिमी, बाजूची उंची तिच्या ५० टक्के). तू ती गाडी फोटोतच पाहिलीस. फेंडर (चाकावरचा पत्रा) ओढून बाहेर काढलं होतं, गाडी उभी असताना चाक अगदी कडेशी येऊन थांबायचं आणि मी दहा कोनांतून फोटो काढायचो. उभ्या गाडीत, सरळ स्टिअरिंगला, एकटा माणूस बसलेला असताना सगळं व्यवस्थित बसलं होतं. आठच दिवसांनी तुझी वहिनी आणि मी निघालो, मागे सामान होतं. डावीकडच्या एका लांब वळणावर रस्ता मध्येच खचलेला होता. वळणामुळे उजवी बाजू आधीच दबलेली, त्यात तो खड्डा. आधी करकर आवाज आला, मग जळक्या रबराचा वास. थांबून पाहिलं तर पुढच्या उजव्या टायरच्या खांद्यावर फेंडरच्या कडेने बोटभर रुंद खाच पाडली होती आणि आतले धागे दिसत होते. तो टायर पुढच्या वळणावर फुटला असता. वहिनी एक शब्द बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं. त्या दिवसापासून मी चाकाचा फोटो बघण्याआधी त्याचा ऑफसेट बघतो.

ऑफसेट म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे, पण कागदावर मांडून बघितलंस का? तुझ्या गाडीचं मूळ चाक १४ बाय ५.५, ऑफसेट ४५, टायर १८५/६०. म्हणजे रिम जिथे हबला टेकतो ती पाठ रिमच्या मध्यापासून ४५ मिमी बाहेरच्या बाजूला आहे. टायरची रुंदी १८५ धरली तर निम्मे ९२.५. त्या पाठीपासून टायर बाहेर ४७.५ मिमी आणि आत १३७.५ मिमी जातो. हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेव, कारण पुढचा सगळा हिशेब त्यांच्याशीच आहे.

आता तू निवडलेलं चाक. टायर २२५/४५ म्हणतोस. टायरवर छापलेली रुंदी ही ठरावीक मापाच्या रिमवर मोजलेली असते. २२५/४५ साठी तो रिम ७.५ इंचांचा, आणि रिम अर्ध्या इंचाने वाढला की टायर साधारण ५ मिमी फुगतो. ९ इंचांवर तो २४० च्या आसपास जाईल. ऑफसेट शून्य, म्हणजे १२० आत आणि १२० बाहेर. मूळ चाकापेक्षा टायर बाहेर ७२.५ मिमी जास्त, आणि आत उलट १७.५ मिमी कमी! आतली चांगली मोकळी जागा तू वाया घालवतोयस आणि जिथे जागाच नाही त्या बाजूला सात सेंटीमीटर ढकलतोयस. शिवाय २२५/४५ ला मान्य असलेला रिम ७ ते ८.५ इंचांचा, तू ९ म्हणतोस. ट्रॅकवर धावणारे अनेक जण ९ इंचांवर हाच टायर ताणून बसवतात, पण ते ऑफसेट ३६ च्या आसपास ठेवतात आणि फेंडर, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) सगळं त्यासाठी बदललेलं असतं.

माझ्या मते तू १५ बाय ८, ऑफसेट ३६ घे. २२५ चा टायर तिथे २३० होईल, म्हणजे बाहेर ७९ आणि आत १५१. मूळच्यापेक्षा बाहेर ३१.५ मिमी, आत १३.५ मिमी. वाढलेली रुंदी दोन्हीकडे वाटली जाते. व्यासही जवळपास तोच राहतो. मूळ टायर ५७७.६ मिमी, हा ५८३.५, म्हणजे एक टक्का मोठा. गिअरिंगला आणि स्पीडोमीटरला एवढा फरक जाणवणारही नाही. गाडी नुसती रस्त्यावरच चालवणार असतास तर मी १५ बाय ७ वर २०५/५० म्हटलं असतं आणि विषय संपवला असता. पण तू ट्रॅकवर जातोस आणि कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि डँपरचे एकत्र जोड) घातलेत, म्हणून ८.

शून्य ऑफसेटचं दुसरं दुखणं घासण्यापेक्षा मोठं आहे, आणि ते फोटोत दिसत नाही. पुढचं चाक वळतं ते एका तिरक्या आसाभोवती. तो आस जमिनीला जिथे भिडतो तो बिंदू आणि टायरच्या जमिनीवर टेकलेल्या ठशाचा मध्य यांतलं अंतर कारखान्याने विचार करून ठरवलेलं असतं. ऑफसेट ४५ वरून शून्यावर आणलास की ठशाचा मध्य ४५ मिमी बाहेर सरकतो. मग एका चाकाखाली खड्डा आला की स्टिअरिंग हातातून हिसकतं, आणि ब्रेक दाबताना एक चाक ओल्या पट्ट्यावर असलं की गाडी एका बाजूला खेचते. माझी गाडी रस्त्यातल्या प्रत्येक चरीमागे धावायची, दोन्ही हात घट्ट धरून चालवावी लागायची. बेअरिंगवरचा भार वाढतो तो वेगळाच. आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. चाक बाहेर गेलं की स्प्रिंगच्या मानाने तरफ लांब होते, म्हणजे तीच स्प्रिंग चाकापाशी मऊ पडते. मी कडक स्प्रिंगवर खर्च केला होता आणि रिमने तो थोडा परत घेतला होता. ३६ ऑफसेटला हे सरकणं फक्त ९ मिमी आहे. १९८९ साली ही गाडी आली तेव्हापासून लोक तिच्या स्टिअरिंगच्या प्रेमात आहेत रे. ते स्टिअरिंग राखणं हे या सगळ्या कामातलं पहिलं कर्तव्य आहे, रुंदी त्याच्यानंतर.

रुंद टायर का पकडतो, हे तू मागे विचारलं होतंस आणि मी घाईत ‘रबर जास्त टेकतं’ असं सांगितलं होतं. ते बरोबर नव्हतं. तुझी गाडी ढोबळमानाने हजार किलोची धर, एका चाकावर २५० किलो. हवा २६ पीएसआय. भाराला हवेच्या दाबाने भागलं तर ठसा सुमारे १३७ चौरस सेंटीमीटर येतो. टायर रुंद केला आणि हवा तीच ठेवली तर ठसा जवळपास तेवढाच राहतो, त्याचा आकार बदलतो. लांबट होता तो आखूड आणि आडवा होतो. वळणात टायर किंचित तिरका चालतो, आणि त्या तिरकेपणामुळे ठशाच्या मागच्या टोकाचं रबर सर्वांत जास्त ताणलं जातं आणि आधी घसरतं. ठसा आखूड असला की हा ताण कमी, म्हणून थोड्याशाच तिरकेपणात टायर जोर धरतो आणि स्टिअरिंग वळवताच गाडी वळते. दुसरं म्हणजे उष्णता जास्त रबरात वाटली जाते, त्यामुळे मऊ रबर टिकतं. खरी पकड त्या मऊ रबरातून येते. म्हणूनच कडक रबराच्या २२५ पेक्षा चांगला १९५ ट्रॅकवर पुढे जातो. रिमवर सगळे पैसे उधळून टायर स्वस्तातला घ्यायचा असेल तर मूळ १४ इंचांवरच चांगले टायर घाल, मी मनापासून सांगतोय.

पावसात मात्र रुंद टायर लवकर पाण्यावर तरंगतो. पाणी बाजूला फेकायला त्याला जास्त रुंदी कापावी लागते. पाणी साचलेल्या रस्त्यावर वेग आधीपेक्षा कमी ठेवावा लागेल, ही तयारी ठेव.

आता या पत्राचं खरं काम. रिम मागवण्याआधी एक रविवार दे. गाडी जॅक स्टँडवर घे, पुढच्या एका बाजूचा कॉइलओव्हर उतरव, त्यातली स्प्रिंग काढ आणि नुसता डँपर (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) बंप स्टॉपसकट, म्हणजे चाक पूर्ण वर गेलं की अडवणाऱ्या रबरासकट, परत बसव. आता हबखाली जॅक लावून चाकाची जागा तू हाताने वरखाली करू शकतोस. स्टँडवरून गाडी उचलली जाईल इतका जॅक दाबू नकोस. प्लायवुडची एक पट्टी काप, टायरच्या आडव्या छेदाच्या आकाराची. हबच्या पाठीपासून आत १५१ आणि बाहेर ७९, आणि हबच्या मध्यापासून टोकापर्यंत २९२. ती दोन नटांनी हबवर आवळ. मग हब थेट बंप स्टॉप दबेपर्यंत वर ने आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव. पट्टी घड्याळाच्या काट्यासारखी थोडी थोडी सरकवून पुन्हा फिरव. वरचा आर्म, स्प्रिंगची जागा, टाय रॉड (चाक वळवणारा स्टिअरिंगचा दांडा), आतलं प्लास्टिक, फेंडरची कड, सगळीकडे अंतर मोज आणि लिहून ठेव. शंका असेल तिथे मातीचा गोळा चिकटव. तो दबला तर किती जागा उरली ते त्याच्या जाडीवरून कळतं. मागच्या बाजूलाही हेच. दोन्ही बाजू मोज, कारण जुन्या गाडीचं फेंडर डावीउजवीकडे हमखास दोन-चार मिमी वेगळं निघतं. आतल्या बाजूला निदान ५ मिमी हवेत. टायर दाबाखाली कलतो आणि बुश (सांध्यांतले रबर) दबतात.

आपलं नशीब असं की या गाडीला चारही कोपऱ्यांत डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक आर्म. चाक वर जाताना माथ्याकडून आत झुकतं, त्यामुळे उभ्या गाडीत बाहेर डोकावणारा टायर दबल्यावर बराचसा आत सरकतो. वर अलाइनमेंटमध्ये कॅम्बर वाढवलास तर प्रत्येक अंशाला टायरचा माथा साधारण ५ मिमी आत येतो. पुढे दोन अंश ऋण (माथा आत) ठेवायला मी घाबरणार नाही. कॅम्बरने टायरची आतली बाजू थोडी झिजते, पण टो (वरून पाहिल्यावर चाकाच्या पुढच्या टोकाचा आत-बाहेर कल) चुकला तर ती काही दिवसांत संपते, म्हणून टो मोजूनच घे. फेंडरची आतली कड मात्र दुमडावी लागेल. हीट गनने रंग चांगला गरम होऊ दे आणि रोलर हळूहळू, बऱ्याच फेऱ्यांत फिरव. थंड रंग तडकतो आणि मग तिथून गंज शिरतो.

पुढचं थोडक्यात सांगतो. पीसीडी (नटांच्या वर्तुळाचं माप) ४ बाय १००, म्हणजे चार नट, १०० मिमीच्या वर्तुळावर, मधलं छिद्र ५४.१ मिमी. नव्या रिमचं छिद्र बहुतेक मोठंच असेल, तर मापाची रिंग घालून रिम हबवर मध्यावर बसव, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरेल. स्टड १२ मिमी, आट्यांमधलं अंतर १.५ मिमी, म्हणून नट निदान आठ पूर्ण फेरे गेला पाहिजे. स्पेसर घालून हा हिशेब मोडू नकोस. नटाची बैठक आणि रिमची बैठक एकाच आकाराची आहे ना ते बघ. टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याइतकंच आवळ, आणि ८०-१०० किमी चालल्यावर पुन्हा तपास. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. जुना साठा माथी मारून घेऊ नकोस. आणि नवं चाक टायरसकट वजनकाट्यावर ठेव. तेच वजन तुझं सस्पेन्शन प्रत्येक खड्ड्यावर नाचवणार आहे आणि छोटं १.६ इंजिन प्रत्येक वेळी फिरवणार आहे.

मागे जास्त रुंद, पुढे कमी, असं तू एकदा म्हणाला होतास. १९७३ च्या पोर्शे कॅरेरा आरएस २.७ ला पुढे ६ इंचांवर १८५ आणि मागे ७ इंचांवर २१५ होते, पण तिचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे लटकलेलं. तुझ्या गाडीचं वजन पुढेमागे जवळपास सारखं आहे. चारही चाकं सारखीच ठेव, म्हणजे टायर पुढचे मागे, मागचे पुढे फिरवताही येतील.

तू हे वाचून थोडा हिरमुसशील हे मला माहीत आहे. ती खोल कड ३६ ऑफसेटमध्ये मिळत नाही, चाक थोडं सपाट दिसतं. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. मग पहिल्याच दिवशी वळणात शिरलो, स्टिअरिंग एका हाताने हलकं धरलं होतं, आणि गाडीने रस्ता मला बोटांत सांगितला. परतल्यावर मी जुने रिम विकायला काढले.

प्लायवुडची माझी पट्टी अजून शिल्लक आहे, बाहेरची बाजू थोडी तासली की तुझ्या मापाला येईल. तू स्प्रिंग काढायचा दिवस ठरव, मी पट्टी, मोठा जॅक आणि टॉर्क रेंच घेऊन येतो. तोवर त्या विक्रेत्याला काहीही कळवू नकोस.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
मंदार