आप्पा, आठ फुटी भिंतीचं जरा थांबा

वाघोली, पुणे
पाडव्यानंतरचा रविवार

ती. आप्पा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही दोघं एकाच वेळी बोलत होतात. मला कळलं ते एवढंच, की गवंडी येऊन दोरी बांधून गेला आणि घराला चारही बाजूंनी आठ फूट भिंत ठरली. आप्पा म्हणत होते, "वरून काचा लावायच्या." आई म्हणत होती, "एकदाची ती गच्ची दिसेनाशी होऊ दे." फोन ठेवल्यावर लक्षात आलं, तुम्हाला दोघांना हवंय वेगवेगळं आणि गवंड्याने दोन दुखण्यांवर एकच पुडी बांधून दिली. फोनवर आप्पा मला वाक्य पूर्ण करू देत नाहीत, म्हणून पत्र. आप्पा, आईला मोठ्याने वाचून दाखवा आणि मधलं गाळू नका.

आईला आडोसा हवाय, ते मला पटतं. शेजारी तीन मजले चढल्यापासून अंगण तिचं राहिलेलं नाही. मागच्या चैत्रात मी होते तेव्हाचं आठवतं. आई वाळवणाच्या बिबड्या करत होती, हात कोपरापर्यंत पिठात, आणि वर गच्चीवर कुणीतरी फोनवर बोलत खाली बघत उभा. आईने पदर सावरायला हात वर नेला आणि कपाळभर पीठ लावून घेतलं. तेव्हा मी हसले होते. आई हसली नव्हती.

आप्पांना हवी राखण. मागच्या गल्लीतलं घर माणसं लग्नाला गेल्यावर फोडलं, तेव्हापासून तुम्ही रात्री दोनदा उठून कडी बघता, हे आईने सांगितलंय.

आता आमच्या इकडचं ऐका, हे तुमच्यापासून लपवलं होतं. इथे रो-हाऊस घेतल्यावर आम्हीही हौसेने पुढून सात फूट पत्रा ठोकला. कुणाची नजर नको. पहिल्याच वळवाच्या वाऱ्याने त्या पत्र्याचं शीड झालं आणि दोन अँगल मुळासकट वाकले. जाळीतून वारा निघून जातो, सलग पत्र्याला तो पूर्ण अंगावर घ्यावा लागतो, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. जाड अँगल घेऊन परत उभा केला. मग दिवाळीत आम्ही तुमच्याकडे आलो आणि इकडे चोर पत्र्यावरून आत उतरला. स्वयंपाकघराच्या खिडकीचे गज त्याने सावकाश कापले. खाली तुटलेलं करवतीचं पान पडलं होतं आणि बिड्यांची दोन थोटकं. म्हणजे मध्ये बसून दम घेऊन झाला होता! समोरच्या सोसायटीचा वॉचमन रात्रभर खुर्ची टाकून बसलेला, पण त्याला दिसत होता फक्त आमचा पत्रा. लावला आमच्यासाठी, आडोसा झाला त्याला.

म्हणून सांगते आप्पा, भिंत नजर अडवते, पाय अडवत नाही. काचांवर पोतं टाकलं की काम झालं, हे तुम्हीच मला लहानपणी सांगितलंय (पेरूच्या बागेची गोष्ट, आठवते ना?). आणि आई, तिसऱ्या मजल्यावरून बघणाऱ्याला आठ फूट काय नि बारा फूट काय! वरून येणाऱ्या नजरेला डोक्यावरच काहीतरी लागतं. अंगणाच्या त्या कोपऱ्यात चार पाइप रोवून हिरव्या शेडनेटचा मांडव घालू, वर मधुमालती सोड. बिबड्या मांडवाखाली करायच्या, खाट तेवढी उन्हात सरकवायची. भिंतीपेक्षा किती स्वस्त पडेल ते आप्पांना विचार.

भिंतीची अजून एक गोष्ट आहे आणि ती आपल्या अमळनेरच्या घरचीच आहे. मागच्या जुन्या भिंतीची भेग आठवते? मी पाचवीत होते तेव्हा मे महिन्यात त्यात माझी लाकडी पट्टी जायची, श्रावणात पोस्टकार्डसुद्धा मुश्किलीने. तुम्ही दरवर्षी सिमेंट भरायचात आणि दरवर्षी शेजारी नवी भेग पडायची. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, वरची भिंत तिच्याबरोबर वरखाली होते. गवंडी दोन फुटांवर पाया म्हणतोय ना? मग आठ फुटांची भिंत चार पावसाळ्यांत रस्त्याकडे वाकून बघायला लागेल. पाया मुरमापर्यंत गेला पाहिजे. दर दहा फुटांवर कॉलम, खाली बीम, लांब भिंतीत मध्ये सांधा आणि अंगणातलं पाणी बाहेर जायला तळाशी भोकं. पाणी भिंतीच्या पायाशी तुंबलं की माती तिथेच जास्त फुगते. एवढं सगळं चारही बाजूंना करायचं तर पेन्शनीचा फंड लागेल. रेडिमेड कंपाउंडच्या फळ्या लवकर उभ्या राहतात खऱ्या, पण खांब त्याच मातीत रोवायचे असतात.

आणि नियम. २०२० साली राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली आली, त्यात कंपाउंडची भिंत समोरच्या रस्त्याच्या मध्याच्या पातळीपासून वर मोजून दीड मीटर उंच, म्हणजे पाच फुटांच्या आसपास सांगितली आहे. वरचा ०.९ मीटर जाळीचा किंवा गजांचा ठेवला, तर २.४ मीटरपर्यंत परवानगी मिळू शकते. म्हणजे तुमचे आठ फूट दीडेक इंच कमी करून बसतात आप्पा, पण वरचे तीन फूट आरपार दिसणारे हवेत. नगरपालिकेत नकाशा दाखवून विचारून या, कुणाच्या तरी तोंडच्या माहितीवर जाऊ नका.

मला सुचतं ते असं. मागची बाजू, जिथे न्हाणी आणि मोरी आहे, तिथे दीड मीटर पक्की भिंत, वर ०.९ मीटर जाळी. पण समोर, ओट्यापुढे, भिंत अडीच फुटांच्या वर नको. वर लोखंडी गज, सगळे उभे, दोन गजांत चार इंचांहून कमी अंतर. आडव्या पट्ट्या फक्त वर आणि खाली. मधल्या आडव्या पट्टीला डिझाइन म्हणतात, चोर तिला पायरी म्हणतो. मोकळ्या प्लॉटच्या बाजूला चेन-लिंक चालेल, पण तार बघून घ्या. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते. आठ गेजची साधारण चार मिलिमीटर असते, बारा गेजची अडीचच्या थोडी वर. दुकानदार बारा गेज हातात देईल, हलकी आणि स्वस्त म्हणून, आणि ती पकडीने कापता येते. जस्ताचा मुलामा नीट आहे ना तेही बघा. जाळीच्या आतून अडुळसा लावू, शेळी तोंड लावत नाही आणि आईच्या काढ्याचीही सोय. शेराचं झाड नको, त्याचा चीक डोळ्यात गेला तर मोठीच पंचाईत. मात्र हिरवं कुंपण दाट व्हायला दोन पावसाळे जातील आणि तोवर उन्हाळ्यात पाणी घालावं लागेल. पाडळसरे धरणाचं पाणी येईल तेव्हा येईल, मोरीचं तिकडे वळवू.

शेताच्या कुंपणाच्या तारेला जोडतात त्या झटका मशीनचं आप्पांनी विचारलं होतं. ते रानडुकरांसाठी ठीक, घराला नाही. आणि तारेत मेनचा करंट सोडण्याची गोष्ट गंमत म्हणूनसुद्धा बोलू नका. शेतात अशाने माणसं मेलीत आणि तार लावणाऱ्यांवर मनुष्यवधाचे गुन्हे लागलेत.

समोरची बाजू मोकळी ठेवा म्हणते, त्याचं खरं कारण चोर नाही.

श्रावणात आप्पा नळाजवळ पाय घसरून पडले होते. आई देवळात होती. तुम्ही मला सांगितलंत, "काही नाही, जरा खरचटलं." समोरच्या रेल्वेवाल्या काकांनी मला वेगळं सांगितलं. ते दात घासत उभे होते आणि त्यांना गेटच्या गजांतून दोन पाय दिसले. बाकी काही नाही, आडवे पाय. ते ब्रश तोंडात ठेवूनच धावत आले. आप्पा, तिथे आठ फुटी भिंत आणि पत्र्याचं गेट असतं, तर काकांनी दात घासून पेपर वाचायला घेतला असता. आई तासाभराने आली असती.

मी साडेतीनशे किलोमीटरवर आहे. तुमच्या घरावर माझी नजर नाही, काकांची आहे. दुपारी ओट्यावर आईजवळ येऊन बसणाऱ्या बायकांची आहे. आई संध्याकाळी दिवा लावायला बाहेर दिसली नाही तर चौघीजणी विचारतात. ती नजर मला हवी आहे, भले त्यातल्या दोघी चौकस असोत.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, मी येतेच आहे, झोका बांधून ठेवा. सखाराम महाराजांच्या यात्रेतल्या रथापर्यंत राहीन. गवंड्याला तोवर थांबवा, त्याने आगाऊ मागितले असतील तर "मुलगी येतेय" म्हणा. तेवढ्या दिवसांत दोघांनी मिळून टेप धरा आणि चारही बाजू मोजून वहीत लिहा. शेजारच्या मावशींच्या बाजूची दोन विटांची फट मोजू नका आणि बुजवूही नका. भरताची वाटी तिथूनच जाते-येते.

आईला मधुमालतीची काडी मी इथून आणते.

तुमची,
बेबी

ता.क. गवंड्याची दोरी गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधलेली आहे असं आई म्हणाली. आप्पा, आज अंधार पडायच्या आत ती सोडा. रात्री कडी बघायला उठाल तेव्हा पायात येईल.