मित्रास पत्र: मराठी वाक्य आणि न्यूट्रॉनचा क्षय, दोन्ही प्रोलॉगमध्ये

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

प्रोलॉग म्हणजे नियम लिहून प्रश्न विचारायची संगणकभाषा. तिच्यातला मराठी वाक्याचं पृथक्करण करणारा प्रोग्राम तुझ्या कणांच्या क्षयाला, म्हणजे एका कणातून दुसरे कण निघण्याला, लावता येईल का, असं तू विचारलं होतंस. येईल, पण नियम जुळवण्याची रीत बदलावी लागेल.

आधी भाषा. प्रोलॉग जन्मला तोच भाषेपायी: १९७२च्या सुमारास मार्सेयमध्ये अलाँ कोल्मेरोर यांच्या गटाला संगणकाशी फ्रेंचमध्ये बोलायचं होतं. आज आपण डीसीजी ही प्रोलॉगमधली व्याकरण लिहायची पद्धत वापरतो, म्हणजे व्याकरणाचा नियम लिहिला की तोच प्रोग्राम (नुसती अधोरेषा म्हणजे ‘काहीही चालेल’):

वाक्य --> कर्ता(_लिंग, प्रथमा), कर्म(_), क्रियापद(_लिंग, वर्तमान).
वाक्य --> कर्ता(_, तृतीया), कर्म(_लिंग), क्रियापद(_लिंग, भूत).

पहिल्यात ‘राम आंबा खातो’ बसतं. दुसऱ्यात ‘रामाने चिंच खाल्ली’, कारण तिथे क्रियापदाचं लिंग कर्माप्रमाणे ठरतं. ‘रामाने सीतेला पाहिले’ यासाठी तिसरा नियम हवा: कर्माला ‘ला’ लागला की क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी. ‘शिकणे’, ‘विसरणे’ ही सकर्मक असूनही ‘तो मराठी शिकला’ असंच म्हणतात, म्हणून ही खूण शब्दकोशातच क्रियापदाशेजारी ठेव, नियमात नको. वचन मी इथे गाळलंय, ते लिंगासारखंच जोडायचं.

‘लिंग’आधीची अधोरेषा विसरू नकोस. देवनागरीत मोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे ती नसेल तर प्रोलॉग त्याला चल (कुठलीही किंमत घेणारं नाव) न मानता स्थिर शब्द मानतं आणि चूक न दाखवता बिनबोभाट ‘नाही’ म्हणतं. दुसरा त्रास ‘दऱ्या’सारख्या शब्दांचा. तो अर्धा र कुणी ‘ऱ’ला हलन्त जोडून लिहितं, तर कुणी ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, तुलनेत मात्र वेगळे. मजकूर आत घेतानाच एका रूपात आण.

‘रामाच्या भावाचा मित्र’ साठी नामगट --> नामगट, ... असं लिहिलंस की तो नियम स्वतःलाच बोलावत राहतो आणि स्टॅक, म्हणजे अशा बोलावण्यांची नोंद ठेवणारी स्मृती, भरतो. एसडब्ल्यूआय प्रोलॉग या आवृत्तीत त्या नियमावर टेबलिंग लाव, म्हणजे आधी काढलेली उत्तरं साठवली जातात. त्या सूचनेत नियमाच्या नावापुढे आर्ग्युमेंटची (कंसातल्या मूल्यांची) संख्या दुहेरी तिरप्या रेघेनं (//) लिहायची, कारण डीसीजी दोन लपलेले आर्ग्युमेंट स्वतः जोडतं.

आता तुझी बाजू. लिंग-वचन ‘सारखं’ असावं लागतं, ते एकीकरणानंच, म्हणजे दोन चलांना एकच किंमत देण्यानंच, होतं. विद्युतभार, बॅरिऑन संख्या (प्रोटॉन-न्यूट्रॉनसारख्या कणांची मोजणी), लेप्टॉन संख्या (इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोसारख्या कणांची मोजणी, प्रतिकण उणे) यांची मात्र क्षयाआधीची आणि नंतरची बेरीज जुळावी लागते, आणि तिथे एकीकरण पुरत नाही. प्रोलॉगचा हिशेब करणारा ‘इज’ (is) वापरलास तर उजवीकडचं सगळं आधी माहीत हवं, एक कण अज्ञात असला की प्रोग्राम त्रुटी देऊन थांबतो. पूर्णांकांवर बंधनं घालणाऱ्या सीएलपीएफडी लायब्ररीतलं #= वापर, ते अज्ञात कुठल्याही बाजूला असला तरी चालतं. मग न्यूट्रॉनमधून प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि ‘काहीतरी’ असं विचारलंस की उरलेला भार ०, बॅरिऑन ० आणि इलेक्ट्रॉन-लेप्टॉन संख्या −१ निघते, म्हणजे इलेक्ट्रॉन अँटिन्यूट्रिनो. इलेक्ट्रॉन, म्यूऑन, टाऊ यांच्या संख्या वेगळ्याच ठेव. एकत्र केल्यास तिन्ही अँटिन्यूट्रिनो उत्तर म्हणून येतात. बंधनं आधी लिही, कणांची यादी शोधणं मागाहून. नाहीतर प्रोग्राम सगळी जुळवाजुळव करून मग तपासत बसतो.

वाक्यात क्रमाला अर्थ आहे, क्षयात नाही. म्हणून यादीत प्रत्येक कणाला क्रमांक दे आणि उत्पादनांचे क्रमांक चढते असावेत असं बंधन घाल. नाहीतर वेगवेगळ्या तीन कणांचं एकच उत्तर सहा वेळा येईल.

एवढ्यावर थांबू नकोस. मुक्त प्रोटॉन ते न्यूट्रॉन, पॉझिट्रॉन आणि न्यूट्रिनो हा क्षयही वरच्या सगळ्या बेरजा पाळतो. त्याला अडवतं ते वस्तुमान. सीएलपीएफडीला फक्त पूर्णांक कळतात, म्हणून वस्तुमान किलोइलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये भर: न्यूट्रॉन ९३९५६५, प्रोटॉन ९३८२७२, इलेक्ट्रॉन ५११. न्यूट्रॉनच्या क्षयात ७८२ उरतात, प्रोटॉनच्या उलट्या क्षयात उणे येतं आणि नियम तिथेच नाकारतो.

के-मेसॉन हे कण घेशील तेव्हा स्ट्रेंजनेस या त्यांच्या आणखी एका मोजणीला सक्तीचं बंधन करू नकोस. दुर्बल अन्योन्यक्रियेत तो बदलतो, आणि बंधन घातलंस तर तुझे खरे क्षय गाळले जातील. अन्योन्यक्रियेचा प्रकार हा वेगळा आर्ग्युमेंट ठेव आणि प्रबळ किंवा विद्युतचुंबकीय असेल तेव्हाच ती बेरीज लाव.

तुझा,
मित्र